जपानी कादंबऱ्यांतली चिमूटभर जादू : तुमचे अनुभव सांगा

पुस्तकांच्या दुकानात हल्ली एक फळी ओळखीची झाली आहे. मुखपृष्ठावर पिवळा दिवा, खिडकी आणि बहुतेक वेळा मांजर. आत एखादं कॅफे, दुकान नाहीतर दवाखाना, आणि तिथे घडणारी एखादी अशक्य गोष्ट. ही पुस्तकं आपण का वाचतो? परीक्षणं नकोत. कोणतं पुस्तक नेमकं कोणत्या दिवसांत हाती आलं, त्याने काय केलं किंवा काहीच कसं केलं नाही, ते लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी इशारा द्या, एवढंच.

पुणे

इशारा देऊन लिहिते. तोशिकाझु कावागुचींच्या 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड'मध्ये कोताके नावाची नर्स आहे. नवऱ्याला अल्झायमर. तो तिला ओळखेनासा होतो, तेव्हा त्याचा गोंधळ नको म्हणून ती पुन्हा माहेरचं आडनाव लावायला लागते. या ओळीपाशी मी पुस्तक मिटून ठेवलं, कारण माझी आई तेव्हा मला "सिस्टर" म्हणायला लागली होती.

पुढे कोताके कॅफेतल्या भूतकाळात नेणाऱ्या खुर्चीत बसून, कॉफी गार होईपर्यंतच्या वेळापुरती, मागे जाते. नवरा तेव्हा तिला ओळखत असतो. त्याच्याकडून एक पत्र घेऊन ती परत येते. मला नर्स नको, बायको हवी, असा त्या पत्राचा मथितार्थ. परत आल्यावर आजार आहे तिथेच असतो. नवरा तिला तसाच परका समजतो. फक्त ती बदललेली असते. लोक सांगतात की हे पुस्तक वाचून रडू येतं. मला ते उपयोगी वाटलं. आई "सिस्टर" म्हणाली की आता मी "बोला आजी" म्हणते, वाद घालत नाही. आणि रात्री तिच्या पायांना तेल चोळताना मी तिची मुलगी असते, तिला कळो न कळो.

डोंबिवली, हौशी नाटकवाला

मी त्याच पुस्तकाबद्दल, पण रडण्याशिवाय. खुर्चीवरून उठायचं नाही, कॅफेच्या बाहेर जायचं नाही, जो माणूस कधी या कॅफेत आलाच नाही तो भेटणार नाही. हे नियम वाचताना म्हटलं, हा लेखक नाटकवालाच असणार! आणि आहेच. कादंबरी 2015ची, पण गोष्ट आधी रंगमंचावर आली. कावागुची मुळात नाटकं लिहायचे आणि बसवायचे.

मग सगळं जागेवर बसतं. तळघरातलं कॅफे, खिडकी नाही, म्हणजे बाहेरचा देखावा रंगवायला नको. दाराची घंटा वाजली की एंट्री. भिंतीवर वेगवेगळी वेळ दाखवणारी तीन घड्याळं, संपलं नेपथ्य. पांढऱ्या कपड्यातली भुताची बाई दिवसातून एकदा स्वच्छतागृहात जाते तेवढ्यात खुर्ची मिळते, म्हणजे विंगेत जाण्याची सोयही झाली! स्पर्धेच्या एकांकिकेला पैसे नसले की आम्हालाही असल्याच युक्त्या सुचतात. पण या नियमामुळे आणखी एक होतं. कॉफी गार होण्याआधी संपवायची असल्याने पात्रं लवकर मुद्द्यावर येतात. एरवी वर्षानुवर्षं न बोललेलं त्यांना तेवढ्यात बोलावंच लागतं.

गद्य मात्र कोरडं आहे. कोण आलं, काय घातलं होतं, कुठे बसलं. नाटकाच्या संहितेतल्या कंसातल्या सूचना वाचतोय असं वाटत राहतं.

सातारा जिल्हा, प्राथमिक शिक्षिका

केइगो हिगाशिनोंचं 'द मिरॅकल्स ऑफ द नामिया जनरल स्टोअर'. तीन भुरटे चोर एका बंद दुकानात लपतात आणि शटरच्या फटीतून जुन्या काळातली पत्रं आत पडू लागतात. ऑलिम्पिकची तयारी करणारी एक मुलगी सल्ला मागते. यांना माहीत असतं की 1980च्या मॉस्को ऑलिम्पिकवर जपानने बहिष्कार टाकला होता, म्हणून ते फटकन लिहितात, नाद सोड. ती त्यांचं ऐकते का आणि त्यातून काय घेते, ते वाचा. मला तो भाग फार आवडला.

पण मनात राहिले ते दुकानाचे मूळ मालक नामिया आजोबा. पोरं त्यांची चेष्टा करायला प्रश्न टाकायची. अभ्यास न करता शंभरपैकी शंभर गुण कसे मिळवू? आजोबांचं उत्तर, बाईंना तुझ्यावरच परीक्षा घ्यायला सांग. मी चौथीच्या वर्गात खरंच घेतली. प्रत्येकाने स्वतःवर प्रश्न काढायचे आणि स्वतःच उत्तरं लिहायची. एका मुलाने प्रश्न काढला, "माझा बाप कोणत्या कारखान्यावर ऊसतोडीला गेलाय?" आणि उत्तराची जागा मोकळी ठेवली. गुण मी पूर्ण दिले. त्या फटीतून जादूने पत्रं आली नसती तरी मला ते पुस्तक तेवढंच आवडलं असतं.

नागपूर

मला नाही जमत बुवा. दुःखी माणूस येतो, काहीतरी गरम पितो, डोळे पुसत जातो. पुढच्या प्रकरणात दुसरा दुःखी माणूस. आणि ती मांजरं! हिगाशिनो जपानमध्ये ओळखला जातो खुनाच्या गोष्टींसाठी, तेही जरा वाचा की.

कोल्हापूर

नागपूरकर, साचा असला म्हणून काय बिघडलं? आम्ही श्रावणात दरवर्षी त्याच कहाण्या वाचत आलोय. गरीब ब्राह्मण, देवाचा वसा, "उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको". तिथेही नियम कडक. पण कहाणीत नियम पाळला की गेलेलं राज्य परत मिळतं, बुडालेली नाव वर येते. या जपानी कॅफेत सगळे नियम पाळा, तरी गेलेलं माणूस गेलेलंच. एवढी कंजूस जादू मी आधी वाचली नव्हती. आमचे हे गेल्यानंतर मला कहाण्या वाचवेनात, हे पुस्तक मात्र वाचता आलं. नातीने आणून दिलं होतं, "आजी, इंग्रजी सोपं आहे" म्हणून. खरंच सोपं आहे.

तोक्यो

इथे राहून वाचलं की जादू थोडी कमी अद्भुत वाटते. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन येतो, पूर्वज घरी येतात. शेजारच्या आजी काकडीला आणि वांग्याला काड्यांचे पाय लावून ठेवतात. काकडीचा घोडा, म्हणजे येणारे लवकर यावेत. वांग्याची गाय, म्हणजे जाताना सावकाश जावेत. मी त्यांना पितृपक्ष आणि कावळ्याचं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, कावळा आला नाही तर काय करता? मी म्हटलं, मग मागे राहिलेले काहीतरी कबूल करतात, अमुक करू, तमुकला सांभाळू. त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही.

कादंबऱ्यांत नसते ती एक गोष्टही सांगतो. तसली जुनी कॅफे, काळपट लाकूड, एकेक कप गाळून देणारे म्हातारे मालक, कमी होत चालली आहेत. ऑफिसजवळचं असंच एक बंद झालं, तिथे आता साखळी दुकान आहे. पुस्तकांतली कॅफे कधी बंद होत नाहीत. माझ्या मते खरी जादू तीच.

नाशिक, रात्रपाळीची परिचारिका

हिसाशी काशिवाइंचं 'द कामोगावा फूड डिटेक्टिव्ह्ज'. क्योतोतला निवृत्त पोलीस आणि त्याची मुलगी लोकांना आठवणीतला पदार्थ शोधून, रांधून देतात. यात जादू नाही, धाग्यात बसत नसेल तर सोडून द्या. पहाटे चारला कँटीन बंद असताना वाचू नका.

ठाणे

मुलगा आठवीत असताना शाळेत जाईना. कारण सांगेना. त्या वर्षी मिझुकी त्सुजिमुरांचं 'लोनली कॅसल इन द मिरर' आणलं. कोकोरो नावाची मुलगी शाळा सोडून घरी बसते, खोलीतला आरसा उजळतो आणि पलीकडे किल्ला. तशीच आणखी सहा मुलं तिथे. किल्ला नऊ ते पाच उघडा, पाचनंतर थांबलात तर लांडगा खातो. मी वाचलं आणि मुद्दाम काही न बोलता हॉलमध्ये ठेवलं. (आई मुद्दाम ठेवते हे मुलांना कळतंच.)

काही दिवसांनी जेवताना तो म्हणाला, "नऊ ते पाच म्हणजे शाळेचीच वेळ आहे ना?" मी हो म्हटलं. "मग घरच्यांना कळत कसं नाही?" त्यावर आम्ही बराच वेळ बोललो, कोकोरोच्या आईबद्दल, ती किती चिडते, तिला काय काय दिसत नाही, याबद्दल. त्याच्याबद्दल एक शब्द नाही. समुपदेशकाकडे जायला तो त्यानंतर तयार झाला. पुस्तकामुळे की आणखी कशामुळे, मला ठरवता येणार नाही, आणि त्याला विचारलेलंही नाही. आता तो अकरावीला आहे आणि नागपूरकरांसारखेच खुनाच्या गोष्टी वाचतो. हिगाशिनोची कोणती आधी द्यावी ते त्यांनी सांगावं.