झेडएसएचसाठी प्लगिन मॅनेजर: कोणता घ्यावा, की घेऊच नये?

विजापूररोडकर
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. ऑफिस छोटं, लॅपटॉप जुने, काहींत अजून हार्ड डिस्कच आहे. सगळे झेडएसएच हे कमांड चालवणारं शेल वापरतात, पण झेडएसएचआरसी, म्हणजे शेल उघडताना वाचतं ती सेटिंगची फाइल, प्रत्येकाची वेगळी. कुणाकडे टर्मिनल उघडलं की प्रॉम्प्ट येईपर्यंत माणूस चहाची ऑर्डर देऊन येतो. सगळ्यांसाठी एकच सेटअप करायचा ठरवलंय.

माझं मत अँटीडोट या मॅनेजरला, म्हणजे शेलला जोडायची प्लगिनं आणून लावणाऱ्या साधनाला. प्लगिनांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायची, तो ती गिटवरून आणतो आणि सोर्स करायच्या, म्हणजे शेलने वाचून चालवायच्या, ओळींची एक तयार फाइल बनवतो. यादी बदलली तरच ती फाइल नव्याने बनते, एरवी शेल नुसती वाचतं. ओह माय झेडएसएच बहुतेकांकडे आहे, पण तो मॅनेजर नाही, अख्खी चौकट आहे. बाहेरचं प्लगिन हवं असेल तर कस्टम फोल्डरमध्ये हाताने क्लोन (गिटवरून प्रत) करावं लागतंच. विरोध असेल तर बोला.

कडकभाकरी
कशाला ताप करून घेऊलालास बे! प्लगिनं वापरणार किती? ऑटोसजेशन्स (टाइप करताना कमांड सुचवतं) आणि सिंटॅक्स हायलायटिंग (कमांडला रंग देतं). उबुंटूत दोन्ही एपीटीने, म्हणजे सिस्टिमच्याच पॅकेज मॅनेजरने, येतात, यूझर-शेअरमध्ये जाऊन बसतात. झेडएसएचआरसीत दोन सोर्सच्या ओळी टाक, विषय संपला. अपडेट सिस्टिमच्या अपडेटबरोबर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

होटगीनाका
कडकभाकरी, हे तुमच्या एकट्याच्या मशीनवर ठीक. ऑफिसात एक जरी मॅक असला की होमब्रूचा (मॅकवरच्या पॅकेज मॅनेजरचा) पाथ वेगळा, तोही इंटेल मॅकवर एक आणि नव्या एम चिपवर दुसरा. मग झेडएसएचआरसीत इफ-एल्स सुरू. शिवाय एफझेडएफ-टॅबसारखं (टॅब दाबल्यावर यादीत शोधून निवडू देणारं) प्लगिन एपीटीत शोधत बसायचं का? यादी एका फाइलीत असली की नव्या पोराच्या लॅपटॉपवर तीच फाइल टाकायची, काम झालं.

दुपारचीशिफ्ट
मी शेवटच्या वर्षाच्या पोरांना शिकवतो, म्हणून ओह माय झेडएसएचची बाजू घेतो. 2009 पासून चालू आहे, शेकडो प्लगिनं आतच आहेत, अडलं तर उत्तर कुठेतरी आधीच लिहिलेलं सापडतं. ज्याला एफपाथ (शेल फंक्शनं ज्या फोल्डरांत शोधतं त्यांची यादी) म्हणजे काय ते माहीत नाही त्याच्या हातात अँटीडोट देऊन तो काय करणार? गिट प्लगिनचे छोटे शॉर्टकट पोरं दोन दिवसांत उचलतात. (गिट स्टेटसचा शॉर्टकट 'जीएसटी' आहे. बिलिंगवाल्या ऑफिसात यावरून काय गोंधळ होत असेल ते तुमचं तुम्ही बघा.)

आणि संथपणाचं खापर दरवेळी त्याच्याच डोक्यावर का? आधी मोजा. झेडएसएचआरसीच्या पहिल्या ओळीत झेडप्रोफ मॉड्यूल लोड करा, शेवटच्या ओळीत झेडप्रोफ लिहा, नवं टर्मिनल उघडा. कुठल्या फंक्शनने किती मिलिसेकंद खाल्ले याचा तक्ताच समोर येतो. मी पोरांच्या मशीनवर पाहतो तेव्हा वर बहुधा एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) असतो, नाहीतर कॉम्पइनिट (टॅब-कम्प्लिशन सुरू करणारं फंक्शन) दोनदा चाललेलं असतं: एकदा ओह माय झेडएसएचने चालवलेलं, एकदा कुठूनतरी चिकटवलेल्या ओळीने. मॅनेजर बदलून हे दोन्ही जात नाही.

उजनीबॅकवॉटर
जुन्या हार्ड डिस्कवर झिनिट हाच मॅनेजर. टर्बो मोडमध्ये प्रॉम्प्ट आधी येतो, प्लगिनं मागून भरतात. बाकी सगळे मॅनेजर वापरून झालेत. फरक डोळ्यांना दिसतो.

कडकभाकरी
टर्बो म्हणजे वेळ वाचला नाही, लपवला. प्रॉम्प्ट आला म्हणून लगेच टाइप करायला जा, पहिल्या कमांडला रंग नाही, सजेशन नाही.

होटगीनाका
झिनिटचं नाव काढलंत म्हणून सांगतो. 2021 च्या ऑक्टोबरअखेर मूळ लेखकाने रिपॉझिटरीच (गिटवरचा कोडचा साठा) काढून टाकली. एक दिवस होती, दुसऱ्या दिवशी नाही. ज्यांच्याकडे क्लोन होता त्यांचं चालू राहिलं, नवी मशीन लावणारे अडकले. लोकांनी आपल्याकडच्या प्रती जोडून झेडधर्मा-कंटिन्यूअम नावाने काम पुढे नेलं, आजही ते चालवतात. त्यांना मानलं पाहिजे. पण ऑफिससाठी निवडताना हे विसरून कसं चालेल?

उजनीबॅकवॉटर
मग कोण टिकलंय ते सांगा! झेडजेन थांबला, अँटीबॉडी थांबला. तुमचा अँटीडोट उद्या थांबणार नाही असं लिहून दिलंय का कुणी?

विजापूररोडकर
नाही दिलं, आणि माझा मुद्दा तिथेच आहे. अँटीबॉडी गो भाषेत होता. तो थांबल्यावर तीच पद्धत अँटीडोटने झेडएसएचमध्येच लिहून पुढे चालवली. उद्या हाही बंद पडला तरी त्याने बनवलेली फाइल म्हणजे नुसत्या सोर्सच्या ओळी. मॅनेजर काढून टाका, ती फाइल थेट सोर्स करा, शेल तसंच उघडेल. झिनिटच्या 'आइस'वाल्या, म्हणजे प्लगिन कसं लोड करायचं ते सांगणाऱ्या, ओळी झिनिटशिवाय कोण वाचणार?

दुपारचीशिफ्ट सरांचं मोजण्याबद्दलचं म्हणणं मान्य. आधी सगळ्यांचा झेडप्रोफ घेतो, एनव्हीएम गरज लागेल तेव्हाच लोड होईल असा बदलतो. पण नव्या पोराला सोपं जातं म्हणून ऑफिसभर अख्खी चौकट, हे पटत नाही. त्यातलं फक्त गिट प्लगिन अँटीडोटनेही उचलता येतं.

रातराणी_सर्व्हर
तुम्ही सगळे वेगाबद्दल भांडताय. प्लगिन म्हणजे तुमच्या लॉगिनच्या पूर्ण हक्कांनिशी चालणारा अनोळखी माणसाचा कोड. त्याच लॅपटॉपवर कारखान्याच्या सर्व्हरवर लॉगिन करायची एसएसएच की आहे ना? मग अपडेट मारला की मुख्य शाखेवरचं जे काही ताजं असेल ते आत, हे कसं चालतं तुम्हाला?

मी शेल्डन वापरते. रस्टमध्ये लिहिलेलं एकच बायनरी, यादी टॉमल फाइलमध्ये, आणि प्रत्येक प्लगिनपुढे कमिट (कोडची ठरावीक आवृत्ती) लिहून ते तिथेच बांधून ठेवता येतं. बॅश या दुसऱ्या शेललाही चालतं, सर्व्हरवर झेडएसएच नसलं तरी अडत नाही. अँटीडोटच हवा असेल तर विजापूररोडकर, प्लगिनांची प्रत ऑफिसच्या स्वतःच्या गिटमध्ये ठेवा आणि यादीत तिचा पत्ता द्या. बदल वाचल्याशिवाय ती प्रत पुढे सरकवायची नाही.

कडकभाकरी
ताई, हे पटलं. पण मग प्रत स्वतःच्या गिटमध्ये, ओळी सोर्सच्या... मी पहिल्यांदा वेगळं काय म्हणत होतो?

रातराणी_सर्व्हर
तुम्ही एपीटी म्हणत होता. तिथे कुणीतरी पॅकेज तपासून देतं, म्हणून दोन प्लगिनांना तुमचं बरोबरच आहे. पाच झाली आणि मॅकही आला की नाही.

विजापूररोडकर
स्वतःच्या गिटमधली प्रत, हे करतो. मॅनेजर अँटीडोटच. कुणी क्रम सांगेल का? कम्प्लिशन्स, एफझेडएफ-टॅब, ऑटोसजेशन्स, हायलायटिंग आणि हिस्टरी सबस्ट्रिंग सर्च (जुन्या कमांडींत तुकडा शोधणारं) एवढी घेणार आहे.

दुपारचीशिफ्ट
कम्प्लिशन्स कॉम्पइनिटच्या आधी. कॉम्पइनिट झालं की एफझेडएफ-टॅब, मग ऑटोसजेशन्स, मग सिंटॅक्स हायलायटिंग. हायलायटिंग शेवटी ठेवा असं सगळीकडे सांगतात, पण हिस्टरी सबस्ट्रिंग सर्च त्याच्याही नंतर लागतं. आणि कॉम्पइनिट दोनदा येत नाही ना, ते फाइलीत एकदा शोधून बघा.