‘इटालियन’ हा रशियन सिनेमा: तुम्ही कुठे अडकलात?

आंद्रेई क्रावचुक यांचा २००५ चा सिनेमा. अनाथालयातला सहा वर्षांचा वान्या, त्याला दत्तक घ्यायला इटलीचं जोडपं तयार, म्हणून पोरं त्याला ‘इटालियन’ म्हणायला लागतात. परीक्षण नकोय, ढीगभर आहेत. कुठे अडकलात तेवढं लिहा. पहिलं उत्तर माझं, पुढची प्रत्येक ● खाली एकेकाचं. (शेवट फुटणार, आधीच सांगते.)

मी अडकले मुखिन नावाच्या पोराच्या आईपाशी. पोराला टाकून गेलेली बाई परत येते, तोवर पोरगा परदेशी दत्तक गेलेला. पुढे कळतं, ती रेल्वेखाली गेली. तिथून वान्याच्या डोक्यात भुंगा: माझी आई आली आणि मीच नसलो तर?

●

आईवडील ऊसतोडीला जायचे, मी वसतिगृहात. सिनेमातली मोठी पोरं कमाई गोळा करतात, हिशेब ठेवतात, चुकला त्याला बडवतात. आमच्याकडे घरचा लाडवाचा डबा आधी ‘दादां’च्या खोलीत जायचा. रिकामाच परत यायचा. पण मला ताप आला तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसला तोही त्यांच्यातलाच एक. सिनेमात हे बरोबर पकडलंय.

●

रशियातल्या स्मोलेन्स्कला एमबीबीएस केलं म्हणून एक खुलासा. तिथे तान्ह्यांची संस्था वेगळी, ‘दोम रेब्योन्का’. तीन-चार वर्षांचं झालं की मूल ‘देत्स्की दोम’मध्ये, म्हणजे मोठ्या मुलांच्या अनाथालयात. म्हणून वान्याला आईचा माग काढायला जुन्या संस्थेपर्यंत जावं लागतं.

●

शेवट नाही पटला. आणि वान्याच्या जागी इटलीला गेलेल्या अंतोनचं काय, ते कुणी विचारत नाही.

●

आमची लेक दत्तक आहे. दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या सरकारी ‘कारा’च्या यादीत तीन वर्षं वाट पाहिली, त्यामुळे सिनेमात दत्तक लावून देणाऱ्या त्या दलाल मॅडमचा व्यवहार बघताना माझं डोकं फिरलं होतं. लेकीचं लक्ष दुसरीकडेच. वान्याला वाचता येत नाही; स्वतःची फाइल वाचायची म्हणून तो एका मोठ्या मुलीकडून अक्षरं शिकतो. सिनेमा थांबवून ती म्हणाली, “आई, माझी फाइल कुठाय?”

अकरा वर्षांची आहे. कपाटातून काढून दिली. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि दूध उतू घालवलं. बाहेर आले तर तिचं बोट पहिल्या पानावरच्या वजनावर. दोन किलो शंभर ग्रॅम.

“एवढीशी?” म्हणाली, आणि सिनेमा परत सुरू केला.