मदत हवी आहे: बाबांची किडनी आणि मूत्रवाहिनी काढली, बायोप्सी रिपोर्ट कसा समजून घ्यायचा?

रानजाई

नमस्कार. दोन आठवडे रोज रात्री काहीबाही वाचतेय आणि गोंधळ वाढतच चाललाय, म्हणून इथे विचारतेय.

माझे बाबा, वय ६७. लघवीतून रक्त जात होतं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून दोन महिने त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नाही. सीटी स्कॅनमध्ये उजव्या किडनीच्या पेल्व्हिसमध्ये, म्हणजे लघवी गोळा होऊन खाली मूत्रवाहिनीत उतरते त्या जागी, गाठ दिसली. पाच आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. उजवी किडनी, पूर्ण मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयाला जिथे जोडलेली असते तो भाग काढला. टाके छान भरलेत, घरात हिंडता-फिरताहेत.

रिपोर्टमध्ये लिहिलंय: यूरोथेलियल कार्सिनोमा, हाय ग्रेड, पीटी३, पीएनएक्स, मार्जिन निगेटिव्ह, लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन प्रेझेंट. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, ऑपरेशनच्या आधी ६८ होता, आता ४६ आहे.

सर्जननी केमोसाठी ऑन्कोलॉजिस्टकडे जायला सांगितलंय. बाबा तयार नाहीत. त्यांनी रिपोर्टमधल्या 'मार्जिन निगेटिव्ह' या दोन शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढून ठेवलीय. विषय काढला की कागद पुढे करतात. "सगळं काढलंय, हे बघ इथे लिहिलंय. मग परत कशाला?" मला यावर काय बोलावं कळत नाही.

ऑपरेशननंतर पुढचं आयुष्य नेमकं कशावर ठरतं? या ओळींपैकी कुठली जास्त महत्त्वाची? आणि एका किडनीवर केमो झेपते का? एका ठिकाणी वाचलं की या स्टेजला पाच वर्षांनी निम्म्याहून कमी लोक उरतात. तेव्हापासून झोप उडालीय.

पाऊलखूण

आधी थोडा धीर देते. माझ्या आईचं हेच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं. तिची गाठ लो ग्रेडची, म्हणजे कमी आक्रमक होती, त्यामुळे तुलना करू नका. पण एक सांगते, मूत्राशयाची तपासणी चुकवू नका. आईला सात महिन्यांनी मूत्राशयात छोटी गाठ आली. काही त्रास नव्हता, ठरलेल्या तारखेला दुर्बीण टाकली म्हणून सापडली आणि तेव्हाच काढली. साधारण २२ ते ४७ टक्के लोकांना असं होतं असं तेव्हा आम्हाला सांगितलं होतं. पहिली दुर्बीण तीन महिन्यांनी असते.

अभ्रक

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बाबांच्या स्लाइड्स मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण रिपोर्टची भाषा उलगडून सांगतो. यूरोथेलियल कार्सिनोमा म्हणजे लघवीच्या वाटेच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर, आणि हाय ग्रेड म्हणजे जास्त आक्रमक पेशी.

सगळ्यात जास्त वजन स्टेजला, म्हणजे गाठ किती खोल गेली त्याला. किडनीच्या पेल्व्हिसची आणि मूत्रवाहिनीची भिंत पातळ असते. मूत्राशयाला जाड स्नायू असतो, तसा इथे नसतो. म्हणून निदान होतं तेव्हाच जवळपास ६० टक्के लोकांमध्ये गाठ भिंतीत शिरलेली असते. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये हेच प्रमाण १५ ते २५ टक्के आहे. तुम्ही उशीर केलात म्हणून असं झालं, असं मनाला लावून घेऊ नका. हा आजार मुळातच असा आहे.

पीटी३ म्हणजे स्नायू ओलांडून पलीकडे. पेल्व्हिसच्या गाठीत 'पलीकडे' दोन प्रकारचं असतं: किडनीच्याच मांसल भागात, किंवा भोवतीच्या चरबीत. दोन्हीला पीटी३च म्हणतात, पण चरबीत गेलेली गाठ जास्त त्रासदायक ठरते. रिपोर्टच्या आतल्या पानावर, वर्णनात, हे लिहिलेलं असतं. नसेल तर विचारून घ्या.

आता बाबांच्या पेन्सिलच्या रेघेबद्दल. मार्जिन निगेटिव्ह ही खरोखर चांगली गोष्ट आहे, त्यांचा आनंद खोटा नाही. पण मार्जिन सांगतं ते फक्त कापलेल्या कडेबद्दल. तिथे कॅन्सर नव्हता, एवढंच. लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन ही वेगळी गोष्ट आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्यांच्या किंवा लसिकावाहिन्यांच्या आत कॅन्सरच्या पेशींचा पुंजका दिसला की आम्ही 'प्रेझेंट' लिहितो. म्हणजे पेशींना बाहेर जायची वाट सापडली होती. त्या गेल्याच असतील असं नाही, पण गेल्या नाहीत असंही कड बघून सांगता येत नाही. केमोचा विचार होतो तो यासाठी.

पीएनएक्समधल्या 'एक्स'चा अर्थ शून्य नाही. लसिका ग्रंथी काढल्याच नाहीत, म्हणून सांगता येत नाही, असा आहे. ग्रंथी तपासलेल्या नसतात तेव्हा तर वाहिन्यांबद्दलची ओळ आणखी गांभीर्याने घ्यावी लागते.

बाकी गाठ एकच होती की अनेक, आसपास कार्सिनोमा इन सीटू, म्हणजे अस्तरातच असलेला सपाट कॅन्सर, होता का, गाठीत मेलेला भाग किती, ऑपरेशनआधी किडनी फुगलेली होती का, वय, एकूण तब्येत, सिगारेट, या सगळ्याचा परिणाम होतो. निदान आणि ऑपरेशन यांत तीन महिन्यांहून जास्त काळ गेला तर तोही. बाबा सिगारेट ओढत असतील तर ती आजच बंद.

तुम्ही वाचलेला आकडा पीटी२-पीटी३ गटांबद्दल दिला जातो, आणि त्यात केमो न मिळालेले लोकही येतात. तो बाबांचा आकडा नव्हे. त्याऐवजी 'पाउट' नावाची क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवर केलेली उपचाराची चाचणी, बघा. ब्रिटनमध्ये झाली, २०२०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. ऑपरेशननंतरचे २६१ रुग्ण, पीटी२ किंवा त्यापुढचे, किंवा ग्रंथींत आजार असलेले. अर्ध्यांना केमो, अर्ध्यांवर फक्त लक्ष. तीन वर्षांनी आजार न परतता जगत असलेले केमोच्या गटात ७१ टक्के, दुसऱ्या गटात ४६ टक्के.

त्या चाचणीत केमो ऑपरेशनपासून ९० दिवसांत सुरू करायची होती. तुमचे पस्तीसेक दिवस गेलेत. आणि ईजीएफआर ३० ते ४९ असलेल्यांनाही घेतलं होतं, त्यांना सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाऐवजी किडनीला कमी त्रास देणारं कार्बोप्लॅटिन दिलं. म्हणजे ४६ आहे म्हणून दार बंद, असं समजू नका.

रानजाई

अभ्रक, पाऊलखूण, तुमचे आभार कसे मानू? 'कड' आणि 'वाट' हा फरक मी बाबांना तुमच्याच शब्दांत वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाट सापडली होती, हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

आतलं पान उघडून पाहिलं. गाठ किडनीच्या मांसल भागात शिरलीय, चरबीत नाही. सिगारेट ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून बंद आहे. डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली.

कवडसा

एक विचारू का? घराण्यात कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालाय का, विशेषतः कमी वयात? लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष असतो, त्यात या तिन्ही जागी कॅन्सर होऊ शकतो. आमच्याकडे मामांच्या आजारात तो सापडला आणि मग आम्हा भावंडांच्या तपासण्या झाल्या.

रानजाई

बाबांचा धाकटा भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेला. ४४ वर्षांचा होता. वीस वर्षं झाली. या दोन गोष्टी आमच्यापैकी कुणी कधी जोडल्याच नव्हत्या.

अभ्रक

हे परवा पहिल्या पाच मिनिटांत सांगा. काढलेल्या गाठीचे ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात, त्यावरच एमएमआर प्रथिनांची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या आणि लिंचमध्ये बिघडणाऱ्या प्रथिनांची, तपासणी होते. त्यासाठी बाबांना पुन्हा सुई टोचावी लागणार नाही. त्यात काही निघालं तर पुढची रक्ताची तपासणी, आणि मग तुमची आणि चुलत भावंडांचीही.

रानजाई

लिहून घेतलं. काकूला आत्ताच फोन केला, काकांचे जुने रिपोर्ट तिने एका पिशवीत जपून ठेवलेत, उद्या घेऊन येतेय. बाबांनी स्वतः वहीत प्रश्न उतरवलेत. पहिला प्रश्न आहे, "कार्बो की सिस?" दुसरा, "९० दिवस कधी संपतात?" परवा जाऊन आले की इथेच लिहीन.