लंबक फक्त विज्ञानाच्या तासाचा नाही

लंबक, म्हणजे दोरीला टांगून झुलणारं वजन, शाळेत विज्ञानाच्या तासापुरताच ठेवावा, असं काहींचं मत आहे; मला ते पटत नाही. उद्यमनगरातून आणलेला जड नट, सुतळी आणि दाराची चौकट, एवढ्यावर आम्ही कोल्हापुरात पाचवीच्या पोरांना घेऊन बसलो. सुतळी २५ सेंमी, तर जाऊन-येऊन एक झोका साधारण एका सेकंदाचा. १ मीटर केली की दोन सेकंदांचा. लांबी चौपट, वेळ दुप्पटच! पोरं दहा-दहा झोके मोजून भागाकार करत होती. (नट बदलला तरी वेळ तेवढाच, हे त्यांना पटेचना.) आणि भूगोल? १६७२ साली रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर तिथं लंबकाचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागं पडायला लागलं. म्हणजे तिथं पृथ्वीची ओढ थोडी कमी; पृथ्वी मधोमध फुगीर आहे, याचा पुढं तोच पुरावा ठरला.