मदत हवी आहे : जास्वंदीवरचं पांढरं काही केल्या जात नाही

सईची_गॅलरी
जास्वंदीवर परत पांढरं कापसासारखं आलंय. कळ्या उमलायच्या आधीच गळतात. औषध मारलं, थोडे दिवस बरं होतं, आता आधीपेक्षा जास्त झालंय. गणपतीत फुलं हवी आहेत. काय मारू? लवकर सांगा.

बाळूकाका
कुठलं औषध? कुंडीत आहे की जमिनीत? फोटो टाका, त्याशिवाय काय सांगणार!

हिरवळ
मावा आहे. निंबोळी तेल ५ मिली, लिटरभर पाणी, थोडा भांड्यांचा साबण. संध्याकाळी फवारा. माझी अख्खी बाग यावरच आहे.

रानवाटा
मावा नाही हो, पिठ्या ढेकूण. अंगावर मेण असतं, नुसतं पाणी ओघळून जातं. साबण हवाच.

शेतकरी_दादा
व्हर्टिसिलियम मारा. आमच्या सीताफळावर पिठ्या त्यानेच आटोक्यात आला.

रानवाटा
ती किडींवर वाढून त्यांना मारणारी बुरशी आहे, तिला दमट हवा लागते. गॅलरीतल्या कोरड्या वाऱ्यात काय करणार?

शेतकरी_दादा
श्रावणात हवा कोरडी? कुठे राहता तुम्ही?

मधुरा_के
पानं पिवळी पडत असतील तर फेरस सल्फेट द्या, हमखास गुण.

सईची_गॅलरी
पानं हिरवीच आहेत! कुंडी आहे, चौथा मजला. औषध नर्सरीतून आणलं, बाटलीवर लेबल नव्हतं, वास मात्र जबरदस्त. मुंग्या आहेत, पण त्या काय, नेहमीच्याच.

रानवाटा
मुंग्यांचं आधी सांगायचं ना! पिठ्या रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो. मुंग्यांची ती गुरंच. चिकट्यासाठी त्या पिठ्याला राखतात, पिल्लं उचलून दुसऱ्या फांदीवर नेऊन ठेवतात आणि पिठ्या खायला आलेल्या ढालकिड्यांना (लेडीबग) हुसकावतात. उग्र औषधाने ढालकिडे आधी मेले असणार. पिठ्याची अंडी मेणकापसात सुखरूप राहिली. म्हणून दुप्पट.

बाळूकाका
मुंग्यांसाठी खडूची रेघ ओढा, विषय संपला.

रानवाटा
रेघ जमिनीवर आणि फांदी ग्रिलला टेकलेली, मग काय उपयोग? कुंडी विटेवर, वीट पाण्याच्या थाळीत. ग्रिलला लागणाऱ्या फांद्या छाटा. पिठ्या जुन्या टूथब्रशने साबणपाण्यात घासून काढा.

सईची_गॅलरी
बघितलं. दोनतीन पांढरे किडे बरेच मोठे आहेत, झालरी लोंबतायत आणि चक्क पळतात. चिरडू?

रानवाटा
थांबा! पिठ्या इतका पळत नाही. ती बहुधा क्रिप्टोलीमस ढालकिड्याची अळी. दिसते पिठ्यासारखीच, खाते पिठ्याला. मोठा झाला की पाठ काळपट, डोकं नारिंगी. ऑस्ट्रेलियातला हा किडा १८९८ मध्ये भारतात मुद्दाम आणलाय. अळ्या असलेली फांदी घासू नका, फवारूही नका.

शेतकरी_दादा
पपईवर २००८ ला कोइमतूरकडे नवा पिठ्या आला, मग आपल्याकडेही. २०१० मध्ये एक बारीक परजीवी गांधीलमाशी आणून सोडली, तेव्हा तो आवरला. औषधांनी नाही आवरला.

मधुरा_के
पपईवरून आठवलं, कुंडीत पपई येते का?

हिरवळ
बुटकी जात लावा. निंबोळी तेल तिथेही चालतं.

सईची_गॅलरी
थाळीत पाणी ठेवलं की डास होतील ना? सोसायटीत डेंग्यूवरून आधीच बोंबाबोंब आहे.

बाळूकाका
दोन दिवसांनी पाणी ओतून थाळी घासा. फोटो टाका अजून.