सीनियर बास्केटबॉल टीमचा पॉइंट गार्ड ठेवायचा की बदलायचा? निवडीआधी बोलून घेऊ (बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा भाग किंवा जागा लिहिली आहे)

पार्क चौक

सोलापूरच्या सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आटोपली की आपल्या सीनियर टीमची निवड. गेल्या स्पर्धेत सेमीफायनलला पुण्याच्या टीमकडून हरल्यापासून ग्राउंडवर एकच विषय चालू आहे: आपला पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा अण्णा, त्याला आता बसवा आणि एकोणीस वर्षांच्या पोराला पहिल्या पाचात घ्या. दोघांचीही नावं इथं लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहेत. माझं मत सांगतो. अण्णालाच ठेवा.

ती मॅच आपण कशामुळे हरलो ते आधी आठवा. दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे आपल्याच अर्ध्या कोर्टपासून अंगावर येऊन अडवायला लागले. आपल्यावर बास्केट झाली की बेसलाइनवरून बॉल आत यायचा तो अण्णाकडे, कोपऱ्यात. लगेच दोघं जण अंगावर. अशा वेळी एक माणूस मध्ये यायला पाहिजे, फ्री थ्रोच्या रेषेच्या आसपास, तोंड बॉलकडे करून. आपले दोन्ही फॉरवर्ड काय करत होते? पाठ फिरवून पुढे पळत होते. आठ सेकंदांत हाफ लाइन ओलांडायची असते, मागे बॉल द्यायला कुणी नाही, मध्ये कुणी नाही. मग अण्णाने लांब पास टाकला आणि तो तुटला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. स्कोअरशीटवर टर्नओव्हर, म्हणजे गमावलेले बॉल, त्याच्या नावावर चढले, पण चूक चौघांची होती.

आता तिथं पोराला उभं करा. तो दोघांच्या मधून ड्रिबल करून निघेलही एखाद वेळेस. पुढे काय? पुढे तिसरा उभाच असतो. प्रेस पासने फुटतो, आणि पास घ्यायला माणूस लागतो.

बाहेरचं उदाहरण देतो. अमेरिकेच्या एनबीए लीगमधली डेट्रॉइट पिस्टन्स २००३ ते २००८ सलग सहा वर्षं ईस्ट विभागाच्या फायनलपर्यंत गेली. पॉइंट गार्ड चॉन्सी बिलप्स, २००४ च्या फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याला डेन्व्हरला देऊन अ‍ॅलन आयव्हरसनला आणलं. आयव्हरसन बिलप्सपेक्षा मोठा स्कोअरर, यात वादच नाही. आदल्या वर्षी ५९ मॅच जिंकलेली टीम त्या वर्षी ३९ वर आली आणि पहिल्याच फेरीत क्लीव्हलँडकडून ४-० हरली. तिकडे डेन्व्हर वेस्टच्या फायनलला पोचली. खेळ कोण चालवतो याला एवढी किंमत असते.

सात रस्ता

मालक, डेट्रॉइटचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. बिलप्स तेव्हा ३२ वर्षांचा होता, आयव्हरसन ३३ चा. त्यांनी तरुण गार्ड आणलाच नव्हता. आपला प्रश्न वेगळा आहे.

तुम्ही फक्त बॉल आपल्याकडे असतानाचं बोलताय. डिफेन्सचं कोण बोलणार? पुण्याचा गार्ड उजव्या हाताने निघाला की अण्णा पहिल्याच पावलाला मागे राहायचा. मग रिंगखाली खेळणाऱ्या सेंटरला पुढे येऊन अडवावं लागायचं. सेंटरला हाफ टाइमच्या आत तीन फाउल झाले, तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याला बसवावं लागलं, आणि तो बसल्यावर रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत येणारे बॉल, गेले. सगळी साखळी गार्डपासून सुरू होते. स्क्रीन लावली, म्हणजे त्यांच्या एकाने वाटेत उभं राहून अडवलं, की अण्णा स्क्रीनच्या खालून जातो, कारण वरून जायला पाय पुरत नाहीत. समोरच्याला ६.७५ मीटरवरून, तीन पॉइंटच्या रेषेवरून, मोकळा शॉट मिळतो. त्या दिवशी त्यांनी असे किती टाकले ते सगळ्यांनी बघितलंय.

मला अण्णाबद्दल आदर आहे. मला चेस्ट पास त्यानेच शिकवला. पण पहिल्या पाचातली जागा आदर म्हणून द्यायची नसते.

आणि एकोणीस वर्षांचा पोरगा चालत नाही असं कुणी सांगितलं? सॅन अँटोनियोने २००१ मध्ये टोनी पार्करला पहिल्याच सीझनला स्टार्टर केलं, वय १९. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, २८ वा निवडलेला. दोन वर्षांत ते चॅम्पियन झाले.

जुळे सोलापूर

पार्करची गोष्ट पूर्ण सांगा ना. २००३ ला चॅम्पियन झाल्यावर त्याच उन्हाळ्यात सॅन अँटोनियो जेसन किडच्या मागे लागली होती, म्हणजे पार्करच्याच जागेवर. किड न्यू जर्सीतच राहिला म्हणून पार्कर वाचला. पुढे २००७ च्या फायनलचा एमव्हीपी तोच झाला. चांगला गार्ड हाताशी असताना तो बदलायची घाई खुद्द कोच पॉपोविचच्या टीमलाही आवरली नव्हती. मी ठेवण्याच्या बाजूने आहे.

दुसरं म्हणजे पार्करच्या मागे डंकन आणि डेव्हिड रॉबिन्सन उभे होते. चुकला तरी सांभाळून घेणारे. आपल्या पोराच्या मागे कोण उभं आहे? आपला सेंटर दोन वर्षांपूर्वीपर्यंत व्हॉलीबॉल खेळत होता.

विजापूर रोड

अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिफ्ट संपवून थेट ग्राउंडवर येतो. दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी सिमेंटच्या कोर्टवर दोन तास पळतो. त्याचे पाय चौथ्या क्वार्टरमध्ये जड होणारच. बदला म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

सात रस्ता

लक्षात घेतलंय म्हणूनच म्हणतोय. पाय जड होतात हे तुम्हीच लिहिलंत. मग चाळीस मिनिटं त्याला का पळवायचं?

अशोक चौक

मी त्या पोराची मोठी बहीण. स्वतः शाळेत असताना जिल्ह्याकडून खेळले आहे, म्हणून लिहिते.

माझा भाऊ पहिल्या सात-आठ सेकंदांतच शॉट मारतो, सेंटरला बॉल देत नाही, असं ग्राउंडवर सगळे बोलतात. खोटं नाही ते. पण त्याला आत कधी पाठवतात ते बघा. पंधरा पॉइंटने मागे पडलो की शेवटची चार मिनिटं. अशा वेळी बाहेरून ओरडून काय सांगतात? "मार, मार, वेळ नाही." शॉटसाठी मिळणारी चोवीस सेकंद पूर्ण वापरायची सवय त्याला लागणार कुठून? सेट प्ले, म्हणजे ठरवून आखलेली चाल, चालवायची एकही संधी न देता त्याला प्ले चालवता येत नाही म्हणणं अन्यायाचं आहे.

तो पहाटे उठून डाव्या हाताचं ड्रिबलिंग करतो. कॉलेज सुटल्यावर परत येतो. अण्णादादा त्याला घरच्यासारखे आहेत, त्यांच्या जागेवरून घरात कधी वाकडा शब्द निघालेला नाही. पण पुढच्या वर्षी त्याचं इंजिनीअरिंग संपेल आणि नोकरीला तो पुण्याला जाईल. आपल्या गावची पोरं जातातच. आत्ता खेळवलं नाही तर सोलापूरला त्याचा खेळ कधी मिळणारच नाही.

टेबलावरून

मी मॅचला स्कोअरच्या टेबलावर बसतो, शीट भरतो. बाजू घेत नाही असं नाही, घेतो. पण आधी दोन नियमांच्या गोष्टी, कारण अर्धी चर्चा एनबीएवर चालली आहे आणि आपण खेळतो फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी.

एक. आपल्याकडे खेळाडूला टाइमआउट मागता येत नाही. तो कोचनेच मागायचा, तोही बॉल डेड असताना किंवा समोरच्याने बास्केट केल्यावर. पहिल्या हाफला दोन, दुसऱ्याला तीन. म्हणजे प्रेसमध्ये अडकलेल्या गार्डला हात वर करून सुटका करून घेता येत नाही. जे काय करायचं ते डोकं शांत ठेवून आतच करायचं. तिथं अनुभव मोजला जातो.

दोन. क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पुढच्या डिफेन्सच्या फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो. सात रस्ताने सेंटरच्या फाउलचं लिहिलं ते बरोबर आहे, पण अर्धंच. त्या मॅचला पोरगा आत आल्यावर फाउल थांबले नाहीत. तो बॉलवर हात घालतो. स्टील करायला जातो, रेफ्री शिट्टी मारतो, आणि फ्री थ्रो लाइनवरून फुकटचे पॉइंट जातात. पाय वेगाने हलतात म्हणजे डिफेन्स येतो असं नाही. छाती समोर ठेवून सरकायला त्याला अजून शिकायचं आहे.

माझं मत: अण्णाला ठेवा.

सात रस्ता

बॉलवर हात घालायची सवय महिनाभरात मोडता येते. गेलेला वेग परत येत नाही.

आणि गार्ड बदलून टीम सुधारल्याचं उदाहरण हवंय ना? मिलवॉकी. नोव्हेंबर २०२० मध्ये एरिक ब्लेडसोच्या जागी ज्रू हॉलिडे आणला आणि २०२१ ला चॅम्पियन. फायनलच्या पाचव्या मॅचला शेवटच्या काही सेकंदांत समोरच्या टीमच्या बुकरच्या हातातून बॉल काढून आपल्या टीमच्या यानिसला उंच पास दिला तो हॉलिडेनेच. गार्डच्या डिफेन्सने मॅच जिंकता येते, याहून मोठा पुरावा काय हवा?

पार्क चौक

त्याच मिलवॉकीने २०२३ मध्ये त्याच हॉलिडेला सोडून डेमियन लिलार्ड आणला, मोठा स्कोअरर मिळतोय म्हणून. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षं पहिल्या फेरीत इंडियानाकडून बाहेर. हॉलिडे बॉस्टनला गेला आणि २०२४ ला बॉस्टन चॅम्पियन.

सात रस्ता

हॉलिडे असतानाही २०२३ ला ते पहिल्याच फेरीत मायामीकडून हरले होते, तेही लिहा. आणि लिलार्ड डिफेन्समध्ये कच्चा म्हणून ते फसलं. म्हणजे परत माझाच मुद्दा: गार्डचा डिफेन्स.

होम मैदान

मी मुलींच्या टीमला शिकवते. दोन्ही बाजूंनी एनबीए पुरे झाली, आपल्या कोर्टवर या.

काही जण ग्राउंडवर म्हणताहेत की दोघांना एकत्र खेळवा. ते करू नका. अण्णा ठेंगणे, पोरगाही फार उंच नाही. दोघं एकदम आत असले की समोरचा उंच गार्ड त्यांच्यापैकी एकाला सरळ रिंगखाली घेऊन जाणार. आपला रिबाउंड आधीच कमजोर आहे.

पार्क चौक यांचं प्रेसबद्दलचं निरीक्षण मला शंभर टक्के पटतं. मुलींकडून मी हेच घोटून घेते: बॉल आत आला की एकीने मध्ये, एकीने मागे तिरकं, एकीने त्याच बाजूच्या साइडलाइनला. तीन पास तयार. पण सर, हे पटल्यावर तुमचा निष्कर्ष उलटा व्हायला हवा. फॉरवर्डना मध्ये यायला शिकवलं की प्रेस फोडायला अण्णांच्या अनुभवाची गरज कमी होते. मग गार्डने करायचं उरतं ते बॉल पटकन पुढे नेणं आणि समोरच्या गार्डला अडवणं. दोन्हीत पोरगा पुढे आहे. आणि फॉरवर्डना शिकवलं नाही, तर अण्णा असोत की आणखी कुणी, पुण्याची टीम परत तोच प्रेस लावणार.

मी पहिल्या पाचात पोराला घेईन. अण्णांना दुसऱ्या क्वार्टरला आणि शेवटी आणेन. सॅन अँटोनियोचा विषय निघालाच आहे तर, २००३ च्या फायनलची शेवटची मॅच स्टार्टर पार्करने संपवली नव्हती. शेवटी स्पीडी क्लॅक्स्टन खेळत होता. सुरुवात करणाऱ्यानेच मॅच संपवावी असा नियम नाही.

जुळे सोलापूर

ताई, अण्णा बेंचवरून थंड पायांनी उठून प्रेसच्या तोंडी जाणार? तिशी ओलांडलेल्या माणसाला अंग गरम व्हायला वेळ लागतो. त्याला सुरुवातीला खेळवणं सोपं, मधूनच आणणं अवघड.

होम मैदान

बेंचमागे जागा असते, हाफ टाइमला कोर्ट मोकळं असतं. अंग गरम ठेवता येतं, ठेवायची शिस्त लागते. अण्णांना ती आहे.

पार्क चौक

सगळं वाचलं. डिफेन्सचा मुद्दा वजनदार आहे, पण तो मी वेगळ्या वाटेने सोडवेन. समोरच्याच्या मुख्य गार्डवर आपला उंच शूटिंग गार्ड लावा, अण्णाला त्यांच्या कमजोर शूटरवर. बॉल आपल्याकडे आला की खेळ अण्णाच्या हातात. यात सेंटरचे फाउलही वाचतात. आणि पोराच्या बहिणीचं म्हणणं न्यायाचं आहे. त्याला प्रत्येक मॅचचा दुसरा क्वार्टर पूर्ण द्या, स्कोअर काहीही असो, आणि बाहेरून "मार, मार" ओरडणं बंद. चौथ्या क्वार्टरची शेवटची पाच मिनिटं मात्र अण्णाच. रविवारी संध्याकाळी कोच सरांना हेच सांगणार आहे. कुणाला मान्य नसेल तर त्याआधी बोला.

सात रस्ता

मान्य नाही. उंच शूटिंग गार्ड त्यांच्या मुख्य गार्डच्या मागे पळून दमला की आपला एकमेव बाहेरचा शॉट गेला. अण्णाला लपवायला दुसऱ्याचे पाय खर्च करताय. तरी दुसरा क्वार्टर पूर्ण पोराला, एवढ्यावर मी तुमच्यासोबत सरांकडे येतो. शेवटच्या पाच मिनिटांवर तिथंच भांडू, समोरासमोर, अण्णाही असू दे.