मदत हवी आहे: ३२ बिटी डेबियन लिनक्स संपलं, आडत दुकानातल्या जुन्या पीसीचं काय करावं?

काकांचं मार्केट यार्डात भुसाराचं आडत दुकान आहे. शेतकऱ्याची पट्टी अजून फॉक्सप्रो २.६ या जुन्या डॉस डेटाबेसवर निघते: वजन, भाव, हमाली, तोलाई आणि खाली निव्वळ देणे. प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, पॅरलल पोर्टवर. कार्बन घालून तीन प्रती एका दमात निघतात, त्यामुळे काका लेझरचं नाव काढू देत नाहीत. (पट्टी निघाली की बाहेरच्या हमालांनाही ऐकू जातं.)

पीसी पेंटियम ४. त्यावर डेबियन १२ आणि जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारं डॉसबॉक्स-एक्स. साध्या डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये आय३८६ साठी, म्हणजे ३२ बिटी पीसीसाठी, कर्नलही (सिस्टीमचा गाभा) नाही, इन्स्टॉलरही नाही. ३२ बिटी पॅकेजेस ठेवलीत, पण ती ६४ बिटी मशीनवर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरती. सोबतच्या टिपांत सरळ लिहिलंय: अपग्रेड करू नका, जमलं तर एएमडी६४ (६४ बिटी आवृत्ती) टाका, नाहीतर मशीन निवृत्त करा. फायरफॉक्सनंही आवृत्ती १४५ पासून ३२ बिटी लिनक्स सोडलं. मेंटेनर मंडळींवर राग नाही. तपासून बघायला तशी मशीनच कोणाकडे उरली नाहीत, तर पॅकेज सांभाळणार कोण?

डेबियन १२ ला एलटीएस (लांबवलेले सुरक्षा अपडेट) ३० जून २०२८ पर्यंत आहे. तोवर नेटची वायर काढून आहे तेच रेटावं, की आत्ताच सेकंडहँड ६४ बिटी पीसी घ्यावा? घेतला तर पोर्टसाठी यूएसबी केबल चालेल का? बॅकअप रोज पेनड्राइव्हवर जातो आणि तो पेनड्राइव्ह गावभर फिरतो, म्हणून पहिल्या पर्यायाची धास्ती वाटते.

प्रतिसाद: आधी टर्मिनलमध्ये एलएससीपीयू (lscpu) ही प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड चालवून बघा. नंतरच्या काही पेंटियम ४ मध्ये ६४ बिट होतं. तसं असेल तर खर्चच नाही, नव्यानं इन्स्टॉल करा. नसेल तर ६४ बिटी पीसी घ्या आणि त्यासाठी पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड घ्या. यूएसबी केबल म्हणजे खरं पोर्ट नव्हे, लिनक्सला ती नुसता प्रिंटर म्हणून दिसते. तरी डॉसबॉक्स-एक्सची छपाई फाइलमध्ये घेऊन तशीच प्रिंटरला पाठवता येते. फॉक्सप्रोची डीबीएफ (डेटा फाइलींची) फोल्डरं उचलून नव्या पीसीवर ठेवली की झालं.

धागाकर्ता: पाहिलं, फक्त ३२ बिट. कार्डच घेतो. पण ऑफिसातून निघालेले सेकंडहँड पीसी बहुतेक चपटे असतात, त्यात बसणारं अर्ध्या उंचीचं कार्ड कोणी वापरलंय का?